ओट्यावरची सही

आमच्या मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या बुटांकडे बघायच्या. दौऱ्यावरून परतलेला अधिकारी त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहिला, की चष्म्याच्या वरच्या कडेवरून त्यांची नजर सरळ खाली जायची आणि तिथेच दोन-तीन सेकंद थांबायची. बुटांना माती असली तर "या, बसा." नसली तर "बागेत गेला होतात, की बागाईतदाराकडे?" हे विचारताना आवाज चढलेला नसायचा. चढला असता तर बरं झालं असतं, असं आमच्यातल्या पुष्कळांना वाटायचं.

आमचं काम शेतमालाच्या निर्यातीचं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांबरोबर, डाळिंबांबरोबर एक सरकारी दाखला जातो. ह्या मालात फवारणीच्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्यासाठी तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत जाऊन घड कापून नेतो, आणि आमच्यातला एक अधिकारी त्याच्यासमोर उभा राहून नमुन्याच्या चिठ्ठीवर सही करतो. पुढची सगळी भिस्त त्या सहीवर. मॅडमचा नियम असा, की ही सही बागेत उभं राहूनच करायची. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून नाही, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून नाही. "घड कुठल्या वेलीचा हे तुम्ही बघितलं नसेल, तर तुम्ही कागदावर फक्त तुमचं नाव लिहिलंत. त्याला मी सही म्हणत नाही," असं त्या म्हणायच्या.

नियम आला की पळवाट आलीच. कार्यालयाच्या जिन्यापाशी शोभेच्या झाडांच्या चार कुंड्या होत्या. दौऱ्यावरून कोरडे परतलेले काही जण वर जाण्याआधी तिथे वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं करायचे. आमचे शिपाईमामा एकदा भर व्हरांड्यात म्हणाले, "या झाडांना खत नको साहेब, माती घाला. दर सोमवारी कमी होते." सगळे हसले, मीही हसलो. माझ्या बुटांचं एक प्रकरण आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पण आधी मॅडम कशा होत्या ते सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

खात्यात त्यांना 'काळजी मॅडम' म्हणायचे. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. "नाव बरोबर आहे," त्या एका बैठकीत म्हणाल्या, "फक्त प्रत्येकाने आपापल्या वाट्याची काळजी केली तर मला एवढी करावी लागणार नाही." बैठकीत कुणी 'सगळं व्यवस्थित चाललंय' म्हणालं, की त्या पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या. मग तो गृहस्थ आपणहून काय काय बिघडलंय ते सांगायला लागायचा. द्राक्षाच्या हंगामात तर त्यांचं जेवणावर लक्ष नसायचं. डबा उघडायचा, दोन घास खायचे, आणि संगणकावर जहाज कुठवर पोचलं ते बघायचं. कॉलेजातून मुलगी घरी यायला उशीर झाला की आई जशी गॅलरीत येऊन उभी राहते, तशा त्या संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या.

त्यांचे यजमान भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. कोथरूडच्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांनी ताट वाढून घेता घेता सांगितलं, "आमच्याकडे रात्री तिघं जेवायला असतात. मी, ही, आणि एक कंटेनर." मॅडम हसल्या नाहीत. "आजचा अजून निघालाच नाही," म्हणाल्या.

ही काळजी सांसर्गिक होती. त्यांच्या हाताखाली दोन हंगाम काढल्यावर मी घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायला लागलो. मी मूळचा हडपसरचा. आजोबांनी जिथे ऊस लावला तिथे आता आयटी कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. नातवाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि नातू कृषी अधिकारी, यावरून घरात माझी भरपूर थट्टा व्हायची. मॅडमना मी ते सांगितलं तेव्हा मात्र त्या गंभीर झाल्या. "तुमची गेली तरी. आमच्याकडे कधी नव्हतीच," म्हणाल्या. त्यांची आई दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायची. बांधावर उभं राहायलाही विचारावं लागायचं. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, वडील शिकून कारखान्यात लागले, आणि मुलगी कृषी पदवीधर होऊन त्याच मळ्यांची तपासणी करायला सरकारी जीपमधून गेली. "पण अजूनही कुणाच्या बागेत पहिलं पाऊल टाकताना मी आधी बांधावर थांबते. आईसारखंच वाटतं, कुणी हटकेल," असं त्यांनी मला सांगितलं होतं. ज्या बाईच्या पावलांना खातं घाबरायचं, तिचं हे बोलणं मी कुणाला सांगितलं नाही.

तालुक्याच्या जागेपासून त्या टप्प्याटप्प्याने वर आल्या. मधली काही वर्षं दिल्लीला व्यापाराच्या वाटाघाटींच्या कामावर होत्या. तिथली एक हकीकत खात्यात सगळ्यांना पाठ होती. आंब्याच्या निर्यातीसाठी परदेशी पाहुणे आले होते. फळमाशी सापडली का, असं त्यांनी विचारलं. आमच्या शिष्टमंडळातले वडीलधारे 'नाही' म्हणायच्या बेतात असताना मॅडम म्हणाल्या, "तीन बागांत सापडली. कुठल्या ते सांगते. तिथला माल आम्ही पाठवणार नाही." बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी मात्र त्या तीन बागा सोडून बाकीच्यांना परवानगी दिली. मॅडमना या यशाचं कौतुक कधी वाटलं नाही. "मला त्या रात्री ताप आला होता. चौथ्या बागेत सापडली असती तर?" एवढंच म्हणायच्या.

आता माझं प्रकरण.

जुन्नरकडच्या एका गावात दोन भाऊ होते. धाकट्याचं नाव बबन. त्याने आपल्या द्राक्षबागेची निर्यातीसाठी नोंदणी केली होती आणि तिचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस आणि मी गेलो होतो. बबन सासुरवाडीला बारशाला गेलेला. घरी थोरला भाऊ होता. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्या मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि मागच्या दोन वर्षांचं मी चुकवलेलं होतं. त्या भावांच्या आईने ओट्यावर सतरंजी घातली, चहा आला. बायकोचा फोन आला, निघालात का म्हणून. थोरला म्हणाला, "चला की साहेब बागेत." मी फोन कानाला लावूनच म्हणालो, "तुम्हीच दाखवा यांना, एकच बाग ना तुमची?" तो म्हणाला, "वाटणी झालीय साहेब. माझ्यातलं द्यायचं का घड?" मी म्हणालो, "हो हो, द्या कुठलेही." त्याचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. डोक्यात शिरलं नव्हतं, कारण डोकं तेव्हा हडपसरला पोचलं होतं.

प्रयोगशाळेचा माणूस घड घेऊन आला. मी ओट्यावर मांडीवर कागद ठेवून सही केली. चिठ्ठीवर नाव बबनचं. निघताना माझ्या स्वच्छ बुटांकडे लक्ष गेलं. अंगणातल्या नळाखाली मी पाय धरले आणि गोठ्यामागच्या भुसभुशीत मातीतून चार पावलं चालून आलो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "या, बसा."

नमुन्याचा अहवाल चांगला आला. बबनच्या बागेची तोडणी झाली, माल कंटेनरमध्ये भरला, आमच्याकडून दाखला गेला, कंटेनर बंदरावर पोचला. दुसऱ्या दिवशी जहाज सुटणार होतं, आणि त्या सकाळी अकरा वाजता कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मला थोरल्या भावाचा फोन आला. "साहेब, माझ्या बागेचा रिपोट कवा येणार? व्यापारी दारात बसलाय."

"तुमच्या नाही, बबनच्या बागेचा. तो केव्हाच आला," मी म्हणालो.

"त्यो बबनचा कसा? घड तर माझ्या बागेतलं नेलं की. घराम्होरच्या. तुम्हीच म्हणाला, कुठलं बी द्या."

तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही. तपासली गेली थोरल्याची बाग, आणि परदेशी निघाली होती बबनची द्राक्षं. त्यांत काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन तास मी नुसता जिना चढलो-उतरलो. गप्प बसावं, बहुतेक काही होणार नाही, असं वाटायचं. मग तिकडच्या बंदरावर तपासणीत अंश निघाला तर राज्यातल्या सगळ्या बागांचा माल अडेल हे डोळ्यांपुढे यायचं आणि मी पुन्हा वर चढायचो. अडीच वाजता मी केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "मॅडम, नमुना चुकीच्या बागेतला गेलाय."

त्यांनी डबा बाजूला सारला. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

"बागेत?"

इथे खरं बोलायचं म्हणूनच मी आत गेलो होतो. पण तोंडातून निघालं, "हो. थोरल्या भावाने जी दाखवली त्या बागेत."

त्यांनी मान हलवली. "तुमचे बूट मी बघितले होते," म्हणाल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या त्या, हे लक्षात घ्या. मग लगेच बंदरावर फोन लावून कंटेनर थांबवायला सांगितला.

त्या वेळी त्यांच्या बढतीची फाईल मंत्रालयात होती. संचालकपद ठरल्यात जमा होतं आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. तासाभरात सचिवांचा फोन आला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मॅडमचंच बोलणं ऐकू येत होतं: "नाही सर, पुरावा नाही... शंका आहे... एक दिवस वाट बघितली तर जहाज सुटेल... हो सर, फाईलचं मला माहीत आहे." रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. फोन ठेवून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "शेवाळे, मी ज्या घरातून आले, तिथल्या माणसाची एक चूक निघाली की लोकांना वर्षभर बोलायला पुरते. नोकरीला लागले त्या दिवसापासून मला हीच एक भीती होती. आज ती चूक मलाच कागदावर लिहायची आहे." आणि त्यांनी लिहिली. वाटणी झालेल्या बागांची हद्द कशी तपासायची याच्या सूचना मी दिल्या नव्हत्या, जबाबदारी माझी, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्याला माझा जबाब जोडला: 'थोरल्या भावाने दाखवलेल्या बागेत मी स्वतः उपस्थित होतो.'

बबनच्या मालाची फेरतपासणी व्हायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अहवाल वाईट यावा, म्हणजे मॅडमनी कंटेनर थांबवला ते बरोबर ठरेल, असं सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं, चांगला यावा, म्हणजे माझा अपराध हलका होईल. मॅडम दर दोन तासांनी प्रयोगशाळेला फोन करायच्या आणि तिथला माणूस दर वेळी तेच उत्तर द्यायचा. त्यांच्या डब्याला हात लागत नव्हता. मी समोर बसलेला असलो की त्या मलाच म्हणायच्या, "तुम्ही खाऊन घ्या. तुम्ही येऊन सांगितलंत, हेच मोठं आहे."

अहवाल आला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. बबनची द्राक्षं अगदी शुद्ध होती. तोवर जहाज गेलेलं, तिकडच्या खरेदीदाराने माल नाकारलेला, आणि ज्या पेट्या परदेशी जायच्या त्या पुण्याच्या मार्केट यार्डात आल्या. खात्यात लोक जिन्यात भेटले की हळूच म्हणायचे, "उगाच घाई केली हो बाईंनी." मॅडम अहवाल दोनदा वाचून म्हणाल्या, "बरं झालं. कुणाच्या पोटात वाईट गेलं नसतं." फाईल मंत्रालयातून परत आली. संचालक दुसरे झाले.

दोन वर्षांनी त्या सहसंचालक म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत त्यांनी फार कुणाची नावं घेतली नाहीत. माझं घेतलं. "शेवाळ्यांनी आपली चूक आपणहून येऊन सांगितली होती. नव्या लोकांनी एवढं एकच शिकावं," असं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. समोसा हातात धरून मी उभा होतो, आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटत होतं. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढे मी उपसंचालक झालो.

दिवाळीला आणि त्यांच्या वाढदिवसाला मी कोथरूडला जात असे. नोकरीतला पेच घेऊनही जायचो. काय करू, म्हणून विचारावं असं माणूस मला दुसरं नव्हतं. सर म्हणायचे, "जहाजं गेली, आता ही माझ्या गोळ्यांच्या मागावर असते." मॅडमच्याही गोळ्या वाढल्या होत्या, हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं. तरी मी उठताना त्या दर वेळी विचारायच्या, "ह्या वर्षी सगळे बागेत जातात ना हो?"

गेल्या जूनमध्ये एका शेतकरी मेळाव्यात त्या जुन्नरकडच्या गावचा एक जण भेटला. बोलता बोलता कळलं, की ते दोघे भाऊ त्या हंगामापासून एकमेकांशी बोलत नाहीत. चौकशीत दोघांना कार्यालयात बोलावून माझा जबाब वाचून दाखवला होता. थोरल्याने फुकटात स्वतःच्या बागेची तपासणी उरकून घेतली आणि धाकट्याचा कंटेनर बुडवला, अशी बबनची खात्री पटली होती. थोरला शपथा घेऊन सांगायचा, साहेबच म्हणाले कुठलेही द्या. पण साहेबांचं म्हणणं सरकारी कागदावर होतं.

हे कळल्यावरही मी स्वस्थ बसलो. म्हणजे बाहेरून स्वस्थ. आत काय चाललं होतं ते सांगून उपयोग नाही. जून गेला, पावसाळा गेला. दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी कोथरूडला गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं: ओटा, फोन, थोरल्याचा प्रश्न, नळ, गोठ्यामागची माती.

त्यांना ठाऊक असेल, अशी मला कुठेतरी आशा होती. त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा असा पडला, की मला त्यांच्याकडे बघवेना. "म्हणजे मी बघितले ते..." एवढंच बोलून त्या थांबल्या. सर उठून आत गेले.

"तुमची बढती माझ्यामुळे गेली, मॅडम," मी म्हणालो.

"नाही. बढती गेली ती मी कंटेनर थांबवला म्हणून, आणि तो मी तुमचे बूट लख्ख असते तरी थांबवलाच असता. ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "पण त्या थोरल्या भावाला तुम्ही माझ्या सहीने खोटं पाडलंत. तुमचा जबाब माझ्या अहवालाला जोडलाय. माझ्याकडे काय येताय? त्या दोघांकडे जा."

"जातो," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. "गेलात का?" मी म्हणालो, अधिवेशन आहे, प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा फोन. "गेलात का?" मुलीला बघायला पाहुणे आले होते. तिसऱ्या शनिवारी मी फोन उचलला नाही. चौथ्या शनिवारी सकाळी मी फोन उचलताच त्या म्हणाल्या, "शेवाळे, मला रात्र रात्र झोप येत नाही. गाडी काढा. मी बरोबर येते."

डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं होतं. सरांनी त्यांना काही सांगून बघितलं नाही, गोळ्यांची डबी आणि पोळीभाजीचा डबा पिशवीत घालून दिला आणि मला म्हणाले, "खड्डे जपून." वाटेत मॅडम सारख्या विचारत होत्या. बबन घरी असेल ना? थोरला तिथेच राहतो ना? आधी कुणाशी बोलणार? राजगुरुनगरच्या पुढे त्या म्हणाल्या, "दोघांना समोर बसवा. एकाला आधी, एकाला मागाहून असं नको. पुन्हा गैरसमज होतील." चहासाठी थांबू म्हटलं, तर नको म्हणाल्या.

गावाबाहेरच्या चिंचेखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. "मी इथेच बसते. मी आत आले तर ते माझ्या वयाकडे बघून तुम्हाला माफ करतील. तसं नको."

बबन अंगणात टोमॅटोचे क्रेट रचत होता. द्राक्षबाग त्याने केव्हाच काढून टाकली होती. त्याने मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुमच्या दादांना बोलवा, त्यांच्यासमोर पुन्हा सांगतो.

त्याने हातातला क्रेट खाली ठेवला. "दादा गेला की साहेब. श्रावणात."

मेळावा जूनमध्ये झाला होता. मला कळलं तेव्हा थोरला जिवंत होता.

"शेवटाला दवाखान्यात बी म्हणत व्हता," बबन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "बबन्या, मी नाय केलं ते. सायेबच म्हणलं व्हतं. मी म्हणलं, सायेब कागदावर खोटं कशाला लिहितील? आन् मी तोंड फिरवून आलो." मग त्याने घराकडे बघून हाक मारली, "साहेबांना पाणी द्या गं," आणि तो आत निघून गेला. त्याच्या बायकोने तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो. तो बाहेर आला नाही.

चिंचेपर्यंतचा रस्ता दोन-चार मिनिटांचा असेल. मॅडमनी काच खाली केली होती. एका हातात गोळ्यांची डबी होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"काय म्हणाला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ सुकलेले, डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. खरं सांगितलं असतं तर त्या माणसाच्या मरणाची काळजी त्यांनी स्वतःच्या अहवालासकट जन्मभर वाहिली असती, आणि तो जन्म आता फार लांब नाही हे दिसत होतं.

"थोरला बाहेरगावी गेलाय, मॅडम," मी म्हणालो. "रात्री येईल. बबन म्हणाला, आला की लगेच जाऊन बोलतो त्याच्याशी."

"आजच?"

"आजच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी हमरस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "सुटलात हो शेवाळे." मग पिशवीतला डबा काढून मांडीवर उघडला आणि सावकाश, चवीने जेवल्या. इतक्या वर्षांत त्यांना पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. चाकणला नेहमीसारखी वाहतूक तुंबली तेव्हा त्यांना झोप लागली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी मॅडम गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा घरात माणसं बसली होती. सर उठून माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटचे दोन महिने ती अगदी निवांत होती. ते भाऊ बोलायला लागले, असं दोनदा तरी मला सांगितलंन."

मी मान हलवली. त्या दिवशी चिंचेखाली मी बोललो ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळत नाही. ज्यांना जाऊन विचारलं असतं, त्यांच्याशीच तर मी खोटं बोललो होतो.